कळंबेमामा आणि बांधावरची दारं

रेश्माचा फोन आला तेव्हा मी महाडला आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत प्रथम वर्षाच्या मुलांच्या वह्यांवर सह्या करत होते. सकाळचे अकरा वाजले असतील. रेश्मा ही कळंबेमामांची मुलगी. महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधांच्या कारखान्यात ती तपासणी विभागात काम करते. पहिल्या पाळीत असताना ती कधी फोन करत नाही, म्हणून तिचं नाव बघूनच मी खुर्चीतून उठले. "मॅडम, दादा गेले," ती म्हणाली, वडिलांना ती दादा म्हणते, आणि मागून रस्त्यावरच्या टँकरांचा आवाज येत राहिला... मामा सकाळी बांधावर जाऊन आले होते, पाय धुऊन ओटीवर टेकले होते, मामींनी चहा आणून ठेवला तो तसाच राहिला. एवढंच तिला कळलं होतं. कारखान्याच्या फाटकाबाहेर उभी राहून ती पोलादपूरकडे जाणारी गाडी शोधत होती. मी म्हटलं, तिथेच थांब, मी येते.

माझ्या गाडीतून आम्ही दोघी मामांच्या गावी, कुडपणला निघालो. पोलादपूर मागे पडलं. घाट लागल्यावर ती म्हणाली, "मागच्या रविवारी म्हणाले होते, नमुन्यांचं अल्कोहोल संपत आलंय, मॅडमना सांग. मी विसरले." तिला त्या क्षणी तेवढंच आठवत होतं आणि त्याचंच रडू येत होतं. मी तिला सांगितलं की ते मला आठ दिवसांपूर्वी स्वतःच सांगून गेले होते, बाटली माझ्या कपाटात भरून ठेवलेली आहे. हे खरं होतं. मामा एखादं काम एकाच माणसावर कधी सोपवत नसत.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. पांडुरंग कळंबे हे नाव वाचकांपैकी फार थोड्यांना माहीत असेल. आमच्या प्राणिशास्त्र विभागात ते प्रयोगशाळा परिचर होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणे. एका आठ पायांच्या कोळ्याची जगाला माहीत नसलेली जात ज्या तिघांनी नोंदवली, त्या तिघांत त्यांचं नाव आहे. ते नाव तिथे कसं आलं आणि कसं राहून जाणार होतं, हे सांगायचं राहिलं होतं. ते मीच सांगायला हवं, कारण त्यात माझा कमीपणा आहे.

मी नोकरीला लागले तेव्हा माझं शिक्षण बरंच झालेलं होतं आणि हात मात्र कच्चा होता. पहिल्याच प्रात्यक्षिकाला झुरळाचं विच्छेदन करून दाखवायचं होतं. मी वर्गात शिरले तर टेबलावर सगळं मांडलेलं, मेणाची थाळी, टाचण्या, चिमटे, आणि बाजूला एक झुरळ अर्धं उघडून ठेवलेलं. मामा हळूच म्हणाले, "पुढचं तुम्ही करा मॅडम. सुरुवातीलाच हात थरथरतो, नंतर नाय." पन्नास मुलांसमोर त्या दिवशी माझी लाज राखली ती त्यांनी, आणि नंतर कधी चुकूनही त्याचा उल्लेख केला नाही. बरण्यांतल्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या ते दरवर्षी नव्याने लिहीत, शिसपेन्सिलीने, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. दहावीपर्यंत शिकलेला हा माणूस लॅटिन नावं देवनागरीत उतरवून पाठ करत असे. मोठी परीक्षा असली की बाहेरून येणारे परीक्षक आधी मामांना विचारत आणि मग आम्हाला.

एका वर्षी मी दुसऱ्या वर्षाला कोळी शिकवत होते. जाळं न विणता जमिनीत बीळ करून त्याला बिजागरीचं झाकण लावणारे कोळी असतात, असं सांगून फळ्यावर एक आकृती काढली. मामा मागच्या बाजूला काचा पुसत होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर ते आले ते स्टीलचा डबा घेऊन. डब्यात ओल्या मातीचं ढेकूळ, आणि ढेकळावर शेवाळ लावलेली, रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान अशी एक चकती. त्यांनी सुईने ती उचलली. खाली रेशमाने लिंपलेली नळी होती. "आमच्या बांधाला अशी दारं हायत," ते म्हणाले, "मला वाटायचं सगळीकडंच असतात."

पुढच्या रविवारी मी कुडपणला गेले. त्यांच्या नाचणीच्या शेताला पुरुषभर उंचीचा मातीचा बांध आहे. मला त्यात माती आणि शेवाळ यापलीकडे काही दिसेना. मामा बोट ठेवत गेले, हे एक, हे एक, हे मोठं. करवंदीच्या काट्याने त्यांनी एक झाकण किंचित उचललं आणि ते लगेच आतून खाली ओढलं गेलं. पुन्हा उचललं, पुन्हा ओढलं गेलं. आत बसलेली मादी दार दोन्ही बाजूंनी धरून सगळ्या ताकदीनिशी मिटून घेत होती. मी काटा मागितला तर मामांनी दिला नाही. म्हणाले, "दोनदा बघितलं, पुरे. घर हाय तिचं." तोवर त्यांनी काढून आणलेल्या एका बिळाबद्दलही त्यांना वाईट वाटत होतं, असं मला नंतर मामींनी सांगितलं.

मी फोटो काढून कोळ्यांचे जाणकार असलेल्या एका प्राध्यापकांना पाठवले. त्यांना मी इथे नुसतं सर म्हणेन. त्यांचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. वेगळं वाटतंय, पण नुसत्या माद्यांवर भागणार नाही, नर हवा. आणि नर मिळवणं हीच खरी अडचण. मादी वर्षानुवर्षं एकाच बिळात राहते. नर मात्र वयात आला की बीळ सोडून मादीच्या शोधात पावसात भटकतो, थोडे दिवस जगतो आणि मरतो. तेवढ्या दिवसांत तो हाती लागायला हवा. मामांनी बांधाच्या पायथ्याशी प्लास्टिकचे पेले जमिनीच्या पातळीत पुरले, वरून पाणी पडू नये म्हणून तीन खड्यांवर सपाट दगड ठेवला. चालत येणारा किडा पेल्यात पडावा, एवढीच युक्ती. मामा आठवडाभर महाडला असत, म्हणून रोज सकाळी पेले बघण्याचं काम मामींकडे आलं. त्यांनी सुरुवातीला कपाळाला हात लावला. म्हशी, भातलावणी, नाचणी, आणि आता नवऱ्याचे कोळी. तरीही घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन त्या रोज जात. पेल्यात मुंगळे पडले, गोमी पडल्या, एकदा बेडकाचं पिल्लू पडलं ते त्यांनी सोडून दिलं. पहिला पावसाळा गेला, दुसरा गेला. सर म्हणाले, कदाचित जागा चुकली असेल. मामा म्हणाले, जागा बरोबर आहे, वेळ चुकतेय.

तिसऱ्या पावसाळ्यात, भर वर्गात माझा फोन वाजला. कुडपणला घरात रेंज मिळत नाही, टेकाडावर जावं लागतं. मामी तिथे पावसात उभ्या राहून बोलत होत्या. "बाई," त्या म्हणाल्या, "तुमचा नवरदेव गावला. लय रागीट हाय." मी वर्गातच हसत सुटले, मुलांना काही कळेना. मामांना जाऊन सांगितलं तर ते तिथेच रजेचा अर्ज लिहायला बसले.

त्यानंतरची दोन वर्षं माझ्या नोकरीतली सगळ्यात आनंदाची. कॉलेजच्या अडगळीतून मामांनी एक जुनं यंत्र शोधून काढलं. मायक्रोस्कोपमधलं चित्र त्यातून कागदावर पडल्यासारखं दिसतं आणि हाताने गिरवता येतं. त्यांनी ते पुसून, आरसा बसवून चालू केलं. संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर ते तासभर बसत. कोळ्याची जात ओळखताना रंगावर फारसं विसंबता येत नाही. नराच्या तोंडाजवळ दोन लहान हात असतात, त्यांच्या टोकाचा फुगीर भाग बघावा लागतो, आणि मादीच्या पोटाखालच्या दोन बारीक पिशव्या. त्यांची घडण जातीगणिक वेगळी असते. मोहरीहून लहान अशा त्या अवयवांची चित्रं मामांनी इतकी स्वच्छ काढली की सरांनी विचारलं, हा चित्रकार कुठून आणलात. मी सांगितलं, आमचे परिचर आहेत. सर "अच्छा" म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले.

मामांची बहीण शिवथरला दिलेली आहे. एका भाऊबीजेला ते तिच्याकडे गेले आणि तिथल्या बांधावरही त्यांना अशीच दारं दिसली. तिथल्या माद्या आकाराने मोठ्या होत्या, नमुने छान मिळाले. आम्हाला आनंद झाला, एकच जात दोन ठिकाणी सापडली म्हणून. मामा मात्र एकदा म्हणाले होते की तिकडचं दार पातळ आहे, पापडासारखं, आणि आपल्याकडचं बुचासारखं जाड. मी म्हटलं, मातीचा फरक असेल.

लेख तयार झाला. जातीचं नाव ज्यावर टिकतं तो मुख्य नमुना म्हणून शिवथरची मोठी मादी घेतली होती, नर अर्थातच कुडपणचा. लेखक म्हणून सरांचं आणि माझं नाव होतं. मामांचा उल्लेख शेवटी आभारात, 'नमुने गोळा करण्यास मदत' असा. मी तो मसुदा वाचला तेव्हा त्या ओळीवर थांबले होते. सरांना फोन करावा असं वाटलंही. पण माझ्या बढतीची फाइल त्याच वर्षी जायची होती, सरांशी वाद नको होता, आणि परिचराचं नाव लेखक म्हणून घालायचं असतं का हे मलाच नक्की माहीत नव्हतं... खरं सांगायचं तर मला ते माहीत करून घ्यायचं नव्हतं. मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, "माझं नाव कशाला मॅडम? नाव कोळ्याला द्यायचं हाय." मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच वेळी मला माझी लाज वाटली. ती लाज मी बाजूला ठेवली.

लेख पाठवण्याच्या आठवड्यात नमुने संग्रहालयाकडे कायमचे जमा करायचे होते. मामा एकेक कुपी पुसून, चिठ्ठी तपासून खोक्यात भरत होते. भरण्यापूर्वी प्रत्येक मादी त्यांनी शेवटची म्हणून मायक्रोस्कोपखाली घेतली. त्याची काही गरज नव्हती. दुपारी ते माझ्या टेबलाशी आले आणि उभे राहिले.

"मॅडम," ते म्हणाले, "हे जोडपं नाय."

मला कळेना. त्यांनी सांगितलं की कुडपणच्या माद्यांच्या त्या पिशव्या सरळ आहेत, टोकाला नुसत्या फुगलेल्या. शिवथरच्या सगळ्या माद्यांच्या मुळाशी वळतात, आकड्यासारख्या. एकीच्याच तशा असत्या तर त्यांनी सोडून दिलं असतं. पण सगळ्यांच्याच तशा आहेत. म्हणजे नर एका जातीचा, मादी दुसऱ्या जातीची, आणि आम्ही त्यांचं लग्न लावून मोकळे झालो होतो.

मी त्यांच्यावर चिडले. दुसरे अभ्यासक याच डोंगरांत फिरत होते, सरांना घाई होती, मला घाई होती. मी म्हटलं, मामा, एवढा फरक एका जातीत चालतो, सरांनी बघितलंय सगळं. त्यांनी दोन्ही माद्यांची दोन चित्रं माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवली आणि ते वर्गातल्या थाळ्या धुवायला गेले. हे त्यांनी सांगितलं नसतं तर कोणाला कळलं नसतं, निदान कितीतरी वर्षं. त्यांचं त्या लेखात नावही नव्हतं, चूक झाली तर त्यांचं काही जाणार नव्हतं. मी ती चित्रं बघत राहिले. मग स्वतः जाऊन कुप्या उघडल्या, एकेक मादी पाहिली. थाळ्या धुण्याचा आवाज थांबला तेव्हा मी सरांना फोन लावला होता.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, हे कोणी पाहिलं? मी म्हटलं, कळंबेमामांनी. पुढच्या गुरुवारी ते स्वतः महाडला आले. मामा आणि ते दिवसभर शेजारी शेजारी बसून नमुने बघत होते. सर विचारत होते, मामा दाखवत होते, आणि मी दोघांना चहा आणून देत होते. जाताना सर मला जिन्यात म्हणाले, "हा माणूस आभारात कसा चालेल?" ते मी म्हणायला हवं होतं. एक वर्ष आधी म्हणायला हवं होतं. मी मामांना तसं सांगितलंही, थेट, माफी मागून. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही, मायक्रोस्कोपवर कापड घालत म्हणाले, "तुम्ही फोन केलात ना? मग झालं."

लेख मागे ठेवला, नव्याने लिहिला. त्यात आणखी एक पावसाळा गेला, कुडपणचे आणखी दोन नर मामींनी पकडले. शेवटी छापून आला तेव्हा त्यात फक्त कुडपणची जात होती आणि तीन लेखक होते. शिवथरची जात नर सापडेपर्यंत थांबली, अजून थांबलेली आहे. सरांच्या मनात कोळ्याला मामांचं नाव द्यायचं होतं, पण लेखकाने आपणच शोधलेल्या जातीला स्वतःचं नाव देण्याची रीत नाही. मामांना याचं हसू आलं. म्हणाले, एक तर लेखकांत बसा नाहीतर कोळ्यात. मग गावाच्या नावालाच लॅटिन शेपटी लावली. कुडपणच्या देवळासमोर लोकांनी त्यांना श्रीफळ दिलं तेव्हा एका म्हाताऱ्याने विचारलं, विषारी आहे का. मामा म्हणाले, आपल्याला नाही. त्याने पुढे विचारलं, मग उपयोग काय? मामा म्हणाले, "उपयोग तिचा तिला हाय." सगळे हसले. पण त्यानंतर बांधाची डागडुजी करताना शेजारी त्यांना आधी बोलावू लागले, कुठे फावडं मारायचं नाही ते विचारायला. त्या वर्षी रस्त्याच्या कामासाठी कोणी तिथली माती उचलली नाही.

निवृत्तीनंतर ते कुडपणलाच राहिले. मुंबईला भाऊ आहेत, त्यांनी बोलावलं, गेले नाहीत. कॉलेजने मोडीत काढलेला एक मायक्रोस्कोप त्यांनी रीतसर अर्ज करून घेतला आणि माळ्याजवळच्या खोलीत खिडकीखाली बसवला. महिन्यातून एकदा ते महाडला येत, नमुने दाखवत, चहा घेत. शेवटच्या भेटीत फार विशेष काही बोलणं झालं नाही. अल्कोहोल हवंय म्हणाले, आणि माझा दुसऱ्या वर्षाचा वर्ग कसा आहे ते विचारलं. मी म्हटलं, दोघी चांगल्या आहेत, हात स्थिर आहे. त्यांनी त्या दोघींची नावं विचारून घेतली.

गेल्या रविवारी मी ती भरून ठेवलेली बाटली घेऊन कुडपणला गेले. ती द्यायची कोणाला हे माझ्या मनात ठरलेलं नव्हतं. मामी अंगणात नाचणी वाळवत होत्या. त्यांनी मला आत नेलं. खिडकीखाली मायक्रोस्कोप होता, त्यावर धुतलेलं पांढरं कापड. मी विचारलं, कापड कोणी धुतलं. मामी म्हणाल्या, "मीच. धूळ बसते. त्येंना धूळ चालायची नाय."

टेबलाच्या खणात एक लांबट वही होती, मी पूर्वी कधी न पाहिलेली. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून मामांनी बांधावरच्या दारांची रोजची नोंद ठेवली होती, शिसपेन्सिलीने. किती उघडी, किती मिटलेली, कुठे मुंग्या लागल्या, कुठे म्हशीचा पाय पडून झाकण तुटलं आणि किती दिवसांत तिने नवं केलं. मी उभ्याउभ्याच पानं उलटत गेले. शेवटच्या नोंदीवर तारीख होती ती ते गेले त्याच सकाळची. अक्षर नेहमीसारखंच, ओळीला धरून.

मी पान उलटलं. पलीकडे पुढची नोंद होती. अक्षर रेश्माचं. मधले तेरा दिवस कोरे, मग तिच्या प्रत्येक सुट्टीच्या दिवसाची एक ओळ, आणि मधल्या दिवसांच्या ओळींसमोर कंसात 'आईने पाहिलं' असं लिहिलेलं. शेवटची ओळ आदल्याच दिवशीची होती. 'सगळी दारं मिटलेली. खालच्या अंगाला पिल्लाचं एक नवं, तांदळाच्या दाण्याएवढं.'

"बघायचं हाय काय?" मामींनी विचारलं. मी बाटली टेबलावर ठेवली. त्यांनी कोपऱ्यातली काठी घेतली आणि मला मागे यायला सांगून त्या पुढे चालू लागल्या.